शेगडी गप झाली

ऑगस्टमधल्या एका रविवारी आईचा फोन आला. पाऊस किती, शेजारी कोण आजारी, माटवीचं सामान कधी आणायचं, हे सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "आणि तुझी ती शेगडी आता गप झाली हा गो."

"म्हणजे? बंद पडली?"

"बंद नाय. चाय होता, पेज होणा नाय. मदीच बंद पडता. पण आधी कशी घूं-घूं करी, आता गप आसता."

"आवाज नाही तर बरंच आहे की," असं मी म्हटलं आणि लगेच सल्ले सुरू केले. संध्याकाळी व्होल्टेज कमी असेल, सकाळी करून बघ. पातेलं बदल. मग व्हिडिओ कॉल लावून बघितलं, तर शेगडी प्लास्टिकच्या टेबलक्लॉथवर ठेवलेली. इंडक्शनला हवा खालून लागते, आणि तिथेच कापड. "हे बघ, इथेच घोळ आहे तुझा!" ते कापड काढायला लावलं आणि प्रश्न सुटल्याच्या समाधानात फोन ठेवला. आई "बरां" म्हणाली.

पुढचे तीन रविवार मी विचारलं, "शेगडी चालते ना?" तीनही वेळा उत्तर आलं, "चालता गो." मी पुढे काही विचारलं नाही.

ही शेगडी आमच्या घरात का आली, ते सांगायला हवं. २०२१च्या मे महिन्यात आईला कोविड झाला. त्याच महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. आमचं घर देवबागला, म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे माडांची अरुंद पट्टी. माड पडले, विजेचे खांब पडले, कित्येक दिवस लाइट नव्हती. मी पुण्यात अडकलेली. आई त्यातून बरी झाली, पण तिचा वास गेला. बहुतेकांचा काही आठवड्यांत परत येतो, थोड्यांचा येत नाही. आई त्या थोड्यांतली निघाली. बांगड्याच्या कढीत तिरफळं टाकली की आमचं अख्खं घर दरवळतं, तिला मात्र काहीच येत नाही. पहिल्या वर्षी ती रोज सकाळी कॉफीचा डबा उघडून नाकाशी धरायची. मग तिने ते सोडून दिलं.

एकदा मी घरी असताना गॅसचं बटण अर्धवट राहिलं. मी पडवीतून धावत आत आले. आई ओट्याशी उभी राहून शांतपणे कांदा चिरत होती.

घरगुती गॅसला स्वतःचा असा वास नसतोच. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो, तो मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. १९३७च्या मार्चमध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावी शाळेच्या इमारतीखाली बिनवासाचा गॅस साठत गेला आणि स्फोटात जवळपास तीनशे माणसं गेली, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथे गॅसमध्ये वास मिसळण्याचा कायदा झाला. आज आपल्या सिलिंडरला येणारा वास ही त्याच जातीची व्यवस्था. आईच्या बाबतीत ती उपयोगाची राहिली नव्हती.

म्हणून मी पहिल्या मोठ्या बोनसमधून इंडक्शन घेतलं आणि सिलिंडर मागच्या पडवीत नेऊन ठेवला. "लाइट गेली तरच," असं तिच्याकडून कबूल करून घेतलं. त्यानंतर पुण्यात मला झोप नीट लागायला लागली.

गणपतीच्या चार दिवस आधी रात्रीच्या बसने मालवणला उतरले, रिक्षाने घरी आले. ओट्यावर गॅसची शेगडी होती आणि तिच्यावर पेज रटरटत होती. इंडक्शन कोपऱ्यात, वर टॉवेल टाकून ठेवलेलं.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतीत."

मी बोलू नये ते बोलले. तुला कळत कसं नाही, मी तिथे कशी राहते, वगैरे. आईने पेज ढवळली, झाकण ठेवलं आणि म्हणाली, "मगे काय उपाशी रवू? चाय पिऊन जगू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आंघोळ केली, पेज जेवले आणि टॉवेल काढून शेगडी पुढ्यात घेतली.

माझं काम सॉफ्टवेअरचं. रात्री दोन वाजता सर्व्हर पडला की उठून लॉग वाचायचे आणि कुठे काय बिघडलं ते शोधायचं. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स होतं, ते परीक्षेपुरतं. पण बग शोधायची पद्धत सगळीकडे एकच असते. आधी तो बग पुन्हा पुन्हा घडवून आणायचा, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

कॅलेंडरचं जुलैचं पान फाडून उलटं केलं. एकच पातेलं आणि त्यात दोन लिटर पाणी. १६०० वॅटवर लावलं, फोनवर टायमर सुरू केला. सात मिनिटांनी टीं-टीं झालं, आकड्यांच्या जागी चुकीचा कोड आला आणि शेगडी थांबली. लगेच परत लावली, तर दोन मिनिटांत थांबली. अर्धा तास थांबून लावली, तर सहा मिनिटं चालली. मग ६०० वॅटवर लावली, तर वीस मिनिटं उलटून गेली तरी सुरूच.

एवढ्यावरूनच बरंच कळतं. शेगडी बंद पडल्या क्षणी मी सॉकेटला मल्टीमीटर लावला होता, शेजारून मागून आणलेला. २२१ व्होल्ट. म्हणजे व्होल्टेजचा प्रश्न नाही. पातेलं धड, खाली कापड नाही. पातेल्यात पाणी होतं, म्हणजे तळ शंभर अंशांच्या फार वर जाणार नाही, त्यामुळे वरची काच तापून शेगडी थांबते असंही नाही. मग विश्रांती दिल्यावर जास्त चालते, लगेच लावली तर कमी चालते, कमी वॅटवर बराच वेळ चालते, याचा अर्थ एकच. आत कुठेतरी उष्णता साठत होती आणि तिला बाहेर जायला वाट मिळत नव्हती.

चहा चार मिनिटांत होतो. उकड्या तांदळाच्या पेजेला पाऊण तास लागतो. 'चाय होता, पेज होणा नाय' यात माझ्या कागदावरचं सगळं होतं. मी ते तीन आठवडे उशिरा आणि दोन लिटर पाणी चार वेळा तापवून शोधलं.

आत काय तापतं, ते थोडक्यात. १८३१ साली मायकल फॅरडेने दाखवलं की एका वेटोळ्यातली वीज बदलती ठेवली की शेजारच्या धातूतही वीज वाहू लागते. इंडक्शनच्या काचेखाली तांब्याचं असं एक वेटोळं असतं. त्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलते. त्यामुळे पातेल्याच्या तळात वीज गरगरते आणि तळच तापतो. काच तापते ती पातेल्यामुळे. विजेला एवढ्या वेगाने चालू-बंद करणारा जो स्विच असतो, त्याला आयजीबीटी म्हणतात. १९८०च्या सुमाराला जनरल इलेक्ट्रिकमध्ये तो विकसित करण्याचं मोठं श्रेय बी. जयंत बालिगा यांना दिलं जातं. ते आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले.

हा स्विच टपालाच्या तिकिटाएवढा असतो. शेगडी १६०० वॅट खेचत असेल आणि त्यातले शेकडा दोन भाग जरी या तिकिटात वाया गेले, तरी तिथे ३२ वॅट उष्णता तयार होते. जुना पिवळा बल्ब आठवा, हात लावता यायचा नाही, तेवढी. म्हणून स्विच ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसवलेला असतो आणि त्या पात्यांवर एक छोटा पंखा सतत वारा घालतो. हवा तळाच्या जाळीतून आत येते, पात्यांवरून जाते आणि मागच्या फटीतून बाहेर पडते. पंखा थांबला तरी शेगडी पेटते आणि चहा होतो. स्विचशेजारी एक तापमापक असतो, तो मर्यादा ओलांडली की सगळं बंद करतो. आमच्या शेगडीत तो इमानाने काम करत होता. टीं-टीं करणारा तोच.

म्हणजे संशय पंख्यावर. शेगडी उघडण्याआधी एक तपासणी केली. देवापुढची उदबत्ती पेटवून मागच्या फटीपाशी धरली. पंखा फिरत असता तर धूर बाहेर ढकलला गेला असता. धूर सरळ वर छताकडे गेला.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "कसली उदबत्ती ती, मोगऱ्याची?" पुड्यावर चंदन लिहिलं होतं. मी "हो" म्हटलं.

प्लग काढला आणि पंधरा मिनिटं थांबले. आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात, एवढं मला ठाऊक होतं. मग शेगडी पालथी करून स्क्रू काढायला घेतले. एकूण सहा, त्यातले चार गंजलेले. एकाचा माथाच झिजून गेला, तो पकडीने काढावा लागला. आत धुळीचा आणि फोडणीच्या तेलाचा चिकट थर, एक वाळकं झुरळ आणि कोपऱ्यात आमच्या पंजाएवढाही नसलेला काळा पंखा. त्यावर '१८ व्होल्ट डीसी' लिहिलेलं. बोटाने ढकलला तर सुळकन फिरला. अडकलेला नव्हता. म्हणजे जळला असणार, असं मी ठरवलं आणि ॲपवर नवा पंखा शोधला. दीडशे रुपये, पण पोचणार गणपती गेल्यावर.

मल्टीमीटर ज्याचा होता, तो शेजारचा दादा तेवढ्यात तो परत न्यायला आला. हा पर्यटकांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. "प्लग लावून पंख्याच्या वायरींवर मीटर धरून बघू का?" मी विचारलं. त्याने सरळ नाही म्हणून सांगितलं. नंतर वाचलं तेव्हा त्याचं कारण कळलं. पंख्याला अठराच व्होल्ट मिळत असले, तरी अशा बोर्डांमध्ये ती वायर मेनलाइनपासून वेगळी केलेली असेलच असं नाही. शेगडी उघडी ठेवून प्लग लावणं हे अठरा व्होल्टशी खेळणं नसतं. तुम्हीही करू नका.

त्याने पंख्याची वायर बोर्डावरून उपटली आणि बोटीची बारा व्होल्टची बॅटरी आणून लाल-काळं बघून जोडली. पंखा फिरायला लागला. थोडा हळू, पण न अडखळता.

म्हणजे पंखा ठीक होता. मी मनात दुसरा गुन्हेगार पकडला. बोर्डावर पंखा सुरू करणारा ट्रान्झिस्टर गेला असणार. म्हणजे बोर्ड गेला, म्हणजे नवीन शेगडी. दादा ऐकून घेत होता, पण त्याची नजर बोर्डावर नव्हती. त्याने पंख्याच्या वायरीच्या टोकाचा पांढरा प्लग उजेडात धरला.

"ह्यां बघ."

आतल्या दोन बारीक धातूच्या पट्ट्या हिरव्या झाल्या होत्या. बोर्डावरच्या पिनांवरही तेच, शेवाळासारखं.

"खार लागली हा. बोटीत पण ह्यांच होता. मोटर बरी आसता, लोक मोटर बदलतत."

देवबागचा वारा दिवसरात्र मीठ घेऊन येतो. खिडक्यांचे गज, दाराच्या कड्या, छताच्या पंख्याचे नट, सगळं फुगून सुटतं. हे बघतच मी मोठी झाले. तरी बिघाड शोधताना मी पंखा आणि बोर्ड या दोन वस्तूंपाशीच घुटमळत राहिले. त्या दोघांना जोडणारी दोन सेंटीमीटरची जागा माझ्या यादीत नव्हतीच. कामावरही असंच होतं. दोन टीम आपापला कोड तपासून "आमच्याकडे सगळं ठीक आहे" म्हणतात, आणि दोघीही खरं बोलत असतात.

पॉलिश पेपरची काडीएवढी पट्टी कापून पिना घासल्या. प्लगातल्या पट्ट्या सुईने साफ करून किंचित आवळल्या, म्हणजे पकड घट्ट बसेल. ब्रशने धूळ काढली, झुरळ काढलं. खर्च शून्य रुपये. पाच स्क्रू परत लावले, पातेलं ठेवलं, प्लग लावला, बटण दाबलं.

घूंsss.

मी काही बोलायच्या आत मागच्या पडवीतून आईचा आवाज आला, "वाजली गो!"

पडवीत ती नारळ सोलत होती. बाहेर पाऊस कौलांवर पडत होता. मधे दोन खोल्या. मला त्या पावसात शेगडीपाशी कान द्यावा लागला होता आणि तिने तिथून ऐकलं.

पेज पाऊण तास शिजली. मी फोनवर टायमर लावून समोरच बसले होते. आई आत-बाहेर करत होती आणि एकदाही शेगडीकडे बघत नव्हती. शेवटी मीच म्हटलं, "तुला कळलं होतं ना पंखा बंद पडलाय ते?"

"पंखो बिंखो माका काय ठाऊक? मी तुका फोनवर सांगललंय. गप झाली म्हणान."

सांगितलं होतं. ती काय म्हणाली, ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. आमच्या कामात नव्या मुलांना मी स्वतः शिकवते की वापरणाऱ्याने सांगितलेलं कारण चुकीचं असू शकतं, पण त्याला जे दिसलं ते खोडून काढायचं नाही. आईने कारण सांगितलंच नव्हतं. तिने फक्त जे ऐकलं ते सांगितलं होतं, आणि मी त्यावर "बरंच आहे की" म्हणाले होते.

त्या दिवसापासून मी तिच्याकडे नीट बघायला लागले. दूध उतू जाण्याआधी त्याचा आवाज बारीक होतो, तेव्हा ती वळते. फोडणीतली मोहरी तडतडायची थांबली की हात कढीपत्त्याकडे जातो. भाताचं पाणी आटत आलं की झाकणाखाली वेगळी कुरकुर सुरू होते, ती तिला पडवीत कळते. मासा शिळा की ताजा हे ती आता डोळ्यांनी आणि बोटांनी ओळखते. पूर्वी यातलं बरंचसं नाकाचं काम होतं. चार वर्षांत ते तिने कानांकडे दिलं होतं आणि याबद्दल कुणालाही काही बोलली नव्हती. मी गॅसच्या धोक्याचा हिशोब केला, शेगडी आणली, पण वास गेल्यावर ती स्वयंपाक कसा करते, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

कॉम्प्युटरच्या पंख्याला बहुतेक वेळा तिसरी वायर असते. पंखा किती वेगाने फिरतोय हे ती मशीनला कळवत राहते आणि पंखा थांबला तर लगेच कळतं. आमच्या शेगडीच्या पंख्याला दोनच वायरी. मशीन वीज पाठवतं आणि पंखा फिरत असेल असं धरून चालतं. काहीतरी चुकलंय हे त्याला कळतं ते सगळं तापल्यावरच. तोवर ते सांगणारं घरात कुणी असेल, तर तो माणूसच.

मी दर रविवारी "चालते ना?" विचारायचे आणि "चालता" हे उत्तर आलं की पुढच्या रविवारपर्यंत निश्चिंत असायचे. आई खोटं बोलत नव्हती. चहा होत होता.

गॅसचं भांडण मात्र मी जिंकले नाही. पाच दिवसांचा गणपती, घरात पंधरा माणसं, मोदक, काळ्या वाटाण्याची सांबारी, हे एका इंडक्शनवर होत नाही हे मलाही दिसत होतं. शिवाय लाइट जाते ती जातेच. शेवटी मालवणच्या बाजारातून गॅस गळती ओळखणारा अलार्म आणला. आईला तो उंच, देवाच्या फोटोशेजारी हवा होता, "दिसूक बरो." पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत पसरतो. म्हणून अलार्म खाली, सिलिंडरजवळ, जमिनीपासून वीतभर वर लावला. लायटर न पेटवता गॅस सोडून बघितला, तर असा किंचाळला की अंगणातला कुत्रा पळाला. आई कानांवर हात ठेवून हसत होती. "ह्यो बरो," ती म्हणाली. "ह्येचो वास माका येता."

दादाने सांगून ठेवलंय की खार परत लागणार. वर्षातून एकदा, पाऊस संपल्यावर, प्लग काढून पिना पुसायच्या. मी फोनमध्ये रिमाइंडर लावलाय. आईने तो पॉलिश पेपरचा उरलेला तुकडा चमच्यांच्या खणात ठेवलाय.

मागच्या रविवारी फोन झाला. सगळं बोलून झाल्यावर मी विचारलं, "शेगडी वाजते का?"

"वाजता," आई म्हणाली. मग जरा थांबून, "पण आवाज बदललो हा."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"कसा बदललाय? सांग."